जंतूंना गूळ

नवसूचं अर्धं आयुष्य विहिरीतले जंतू मारण्यात गेलं होतं. आणि आता पुण्याहून आलेल्या एका मुलीने त्याला जंतूंना जेवू घालायला सांगितलं होतं. जेवणही साधंसुधं नाही, गुळाचं पाणी. वर बजावून सांगितलं होतं की एक दिवससुद्धा खाडा करायचा नाही, त्यांना उपाशी ठेवायचं नाही आणि त्यांच्या आसपास ब्लीचिंग पावडरचा हातही न्यायचा नाही.

"म्याडम, मी जंतू मारनारा मानूस हाय," तो पहिल्याच भेटीत म्हणाला होता. "पंचायत मला त्याचंच मानधन देती."

"हे जंतू वेगळे आहेत, नवसूदादा."

"समदेच वेगळे असत्यात. मरताना सारकेच मरत्यात."

अमृता हसली होती. नवसू हसला नव्हता. त्याच्या दृष्टीने हा थट्टेचा विषयच नव्हता.

कामशेतहून वडिवळ्याकडे जाताना भातखाचरं संपून चढ लागतो, तिथे वरच्या अंगाला नवसूची ठाकरवाडी आहे. घरं थोडकी, विहीर एकच. नवसू लहान असताना एका पावसाळ्यात त्या विहिरीच्या पाण्याने वाडीभर जुलाब-उलट्या सुरू झाल्या. त्याची पाठची बहीण त्यात गेली. मग खालच्या गावातून आरोग्य खात्याचा एक माणूस पांढऱ्या पावडरचं पोतं खांद्यावर घेऊन चढून आला. त्याने पावडर कालवली, विहिरीत सोडली आणि तो निघून गेला. त्यानंतर वाडीत कुणी आजारी पडलं नाही. नवसूने हे काठावर बसून डोळ्यांनी पाहिलं. पुढे ग्रामपंचायतीला पाणी शुद्ध करायला माणूस हवा होता, तेव्हा मानधन किती हे न विचारताच त्याने हो म्हटलं.

तेव्हापासून पंचायतीच्या सगळ्या विहिरी त्याच्याकडे. बादलीत पावडर घ्यायची, थोडं पाणी घालून गुठळी राहू न देता कालवायची, मग बादली भरून पावडरमधला चुना तळाला बसू द्यायचा. वरची निवळ दुसऱ्या बादलीत ओतायची. ती बादली दोराने विहिरीत सोडून चारी अंगांना वरखाली हलवायची. कुणी थेट मुठीने पावडर फेकताना दिसला की नवसूचं डोकं फिरायचं. "कोंबड्यांना दानं टाकतोस व्हय रं?" असं म्हणून तो त्याच्या हातातली बादली हिसकावून घ्यायचा. त्याच्या कपड्यांना, केसांना, अंथरुणालाही पावडरचा वास असायचा. त्याची बायको बाया म्हणायची, "हळदीच्या दिशी बी तुमच्या अंगाला ह्योच वास. मला वाटलं, दवाखान्यातल्या कंपाउंडरला दिली का काय."

तर अशा माणसाच्या वाट्याला पिवळी विहीर आली.

वाडीच्या वर, डोंगराच्या खोबणीत एक पत्र्याची शेड होती. तिथे लोखंडी सुट्या भागांना चकचकीत मुलामा चढवायचे. मालक कुठला, कुणाला ठाऊक नव्हतं. एके दिवशी शेडला कुलूप लागलं, कामगार पांगले आणि मागच्या खड्ड्यात ओतलेलं पाणी तिथेच राहिलं. ते जमिनीतून झिरपत खाली आलं. वाडीच्या विहिरीचं पाणी पातळ हळद कालवल्यासारखं दिसू लागलं.

बायकांनी साहजिकच नवसूला धरलं.

"नवश्या, पावडर आवर जरा!" झुंबरबाई पाणवठ्यावरूनच ओरडली. ही वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई, आणि तिच्या तोंडाला लागायला सरपंचही घाबरत. "जंतू मारतोस का आमाला?"

नवसूने पावडर कमी केली. पाणी पिवळंच राहिलं. त्याने आठवडाभर पावडर बंद ठेवली, तरी पिवळंच. पावडर नीट पडली की नाही हे पाहायला त्याच्याकडे काचेची नळी असे. नळीत पाणी घेऊन वर औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर पावडर बरोबर. त्या दिवशी त्याने नळी भरली आणि थेंब टाकायच्या आधीच पाणी पिवळं दिसलं. आधी त्याला हसू आलं. मग त्याने नळी धुऊन पुन्हा भरली. पुन्हा पिवळीच.

तो तसाच उतरून ग्रामसेवकाकडे गेला. गोरख भाऊसाहेब टेबलामागे फायलींच्या आड बसले होते.

"भाऊसाहेब, पावडर न टाकता नळी पिवळी येतीय."

"पिवळी येतीय ना? मग झालं की. एवढं सांगायला चढउतार केलीस?"

हे गोरखला समजावण्यात एक उन्हाळा गेला. मग नमुना तपासायला गेला, अहवाल आला, विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाने 'पिण्यास अयोग्य' असं लिहिलं गेलं आणि वाडीला टँकर सुरू झाला. त्यानंतर अमृता आली. ती माती-पाण्यातल्या जिवाणूंवर संशोधन करत होती आणि तिला म्हणे अशीच एक विहीर हवी होती. अशी विहीर कुणाला हवी असते, हेच नवसूला समजेना.

तिने कठड्यावर बसून त्याला सांगितलं, "हा क्रोमियम नावाचा धातू आहे, नवसूदादा. त्याची दोन रूपं लक्षात ठेवा. एक पाण्यात विरघळतं, पिवळं दिसतं, पाण्याबरोबर पळतं आणि शरीरात गेलं की घात करतं. दुसरं सहसा विरघळत नाही. ते मातीला चिकटून गाळात पडून राहतं, त्याचा त्रास फार कमी. इथल्या मातीतच असे जिवाणू आहेत, जे पहिल्याचं दुसरं करतात."

"धातू खात्यात?"

"खात नाहीत. त्यांना खायला लागतो गूळ, शेण, तूस असलं काहीतरी. पण खाल्लेलं अंगी लागायला आपल्याला जशी हवा लागते, तसं जिथे हवा नाही तिथे त्यातले काही जण ह्या धातूवरच भागवतात. त्या व्यवहारात धातूचं रूप बदलतं. धातू नाहीसा होत नाही, फक्त निरुपद्रवी होऊन बसून राहतो."

"मंजी माजी बहीन मारली ती जंतूंनी, आन आता वाडीला वाचवनार ते बी जंतूच."

"ते जंतू वेगळे होते, दादा," अमृता हळू आवाजात म्हणाली.

नवसूने मान हलवली. पटलं म्हणून नव्हे. टँकरची मुदत जून संपला की संपणार होती. पावसाळ्यात टंचाई नसते असं सरकारचं म्हणणं, आणि पावसाळ्यात टँकर न आल्यावर वाडी कुठलं पाणी पिणार हे नवसूला पक्कं ठाऊक होतं. ती ह्याच विहिरीत पोहरा सोडणार होती. त्याआधी पाण्याचा पिवळेपणा गेला पाहिजे. जंतूंनी घालवला तरी हरकत नाही, भुतांनी घालवला तरी हरकत नाही.

मग शेड आणि विहीर ह्यांच्या मधे आडवा चर खणला गेला. त्यात शेण, भाताचं तूस आणि पेंढा दाबून भरला. चरात आणि थोडं विहिरीतही रोज गूळपाणी सोडायचं काम नवसूकडे आलं. काही दिवसांत चर काळा पडला आणि कुजक्या अंड्यांसारखा वास वाडीभर पसरला. अमृता तो वास घेऊन खूश झाली. वाडीत खूश होणारी ती एकटीच.

"नातवाच्या च्यात टाकायला घरात गुळाचा खडा न्हाई," झुंबरबाई येता-जाता ऐकवायची, "आन ह्यो किड्यांना पाजतोय. लगीन बी लावून दे त्यांची."

"मावशे, तुज्याच पान्यासाठी चाललंय ना समदं?"

"पान्यासाठी? वास बग आदी पान्याचा! म्हशी दावं तोडत्यात."

रात्री जेवताना बायाही नाक मुरडायची. "त्या पावडरच्या वासाची सवय झालती. आता ह्यो वास. तुमी एकदा तरी मान्सासारका वास घिऊन घरी येनार का न्हाई?"

पण पिवळेपणा उतरत होता. आधी हळद, मग पातळ चहा, मग नीट निरखून पाहिलं तरच कळेल इतका. अमृता तिच्या पट्ट्या बुडवून रंग जुळवायची आणि म्हणायची, "पुढचा नमुना बहुधा पास होईल." गूळपाणी ओतताना आता नवसू गुठळी राहू द्यायचा नाही. खायला घालायचं तर नीट घालावं.

पुढच्या नमुन्याच्या आधीच गूळ संपला. अमृताने सांगितलं होतं, चांगला गूळ नको, सगळ्यांत हलका काळा गूळ आण. नवसू ओळखीच्याची मोटारसायकल घेऊन कामशेतला गेला, दुकानदाराकडून काळ्या गुळाची पोती बांधून घेतली आणि निघाला. नाक्यावर हवालदाराने हात केला.

काळा गूळ, मागे पोतं, पुढे पोतं, आणि वर डोंगरातल्या वाडीचा पत्ता. हवालदाराला हातभट्टीच्या दारूशिवाय दुसरं काही सुचण्याचं कारणच नव्हतं.

"भट्टी कुठे लावलीय?"

"भट्टी न्हाई साहेब. जंतूंना घालायचाय."

हवालदाराने त्याच्याकडे नीट पाहिलं. "जंतूंना?"

"व्हय. गुळाचं पानी प्याले की ते पानी साफ करत्यात."

"आमच्याकडे पण येतात असले जंतू. दोन पायांचे. गुळाचं पाणी प्याले की रस्त्यात झोपतात."

"तसं न्हाई वो. म्याडमला इचारा."

म्याडमचा फोन लागेना. ती प्रयोगशाळेत गेली की फोन बाहेर ठेवायची. नवसूला बाकावर बसवण्यात आलं. चौकीवर आलेल्या प्रत्येकाला हवालदार त्याची गोष्ट नव्याने सांगत होता, आणि प्रत्येकजण एकच विनोद आपल्या परीने करत होता. नवसूला दारूचा वाससुद्धा सहन होत नव्हता. आयुष्यभर पावडरच्या पोत्याला कुणी अडवलं नव्हतं. दुपार टळून गेल्यावर अमृताचा फोन आला, तिने हवालदाराला क्रोमियमची दोन रूपं समजावली, आणि ती ऐकून कंटाळूनच बहुधा हवालदाराने पोती सोडली.

इकडे वाडीत दुपारी गोरख भाऊसाहेब येऊन गेले होते.

पावसाळ्याआधी आरोग्य खात्याचे लोक गावोगावचं पाणी तपासतात आणि पंचायतीला कार्ड देतात. पाणी नीट राखलं तर हिरवं, हयगय असेल तर पिवळं, धोका असेल तर लाल. नवसूच्या जिवावर ह्या पंचायतीला सलग हिरवं मिळत आलं होतं. वर्षानुवर्षं हिरवं टिकवणाऱ्या पंचायतीला चंदेरी कार्ड मिळतं, ते ह्या खेपेला मिळणार असं गोरखने सरपंचांना सांगून ठेवलं होतं. त्यामुळे एकही विहीर पावडरविना राहून चालणार नव्हती. वाडीच्या विहिरीत पावडर टाकायची नाही असं अमृताने पंचायतीच्याच बैठकीत सांगितलं होतं, गोरखने मान डोलावली होती आणि चहा आल्याबरोबर तो विसरून गेला होता.

नवसू घरी नाही म्हटल्यावर तो बायावर ओरडला. "संध्याकाळच्या आत विहिरीत पावडर पडली पाहिजे. नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस लावतो, सांग त्याला!"

नवरा कामशेतला गेलेला, त्याचा फोन लागत नव्हता, आणि त्याचं काम जायची वेळ आलेली. बाया घरात गेली. विहिरीत पावडर का बंद आहे, हे नवसूने तिला कधी नीट सांगितलं नव्हतं. पावडरचा डबा कुठे असतो हे तिला माहीत होतं. ती पुढे कशी वापरायची हे तर तिला झोपेतही सांगता आलं असतं.

नवसू मोटारसायकल ढकलत शेवटचं वळण चढला आणि तिथेच थांबला. वारा वरून येत होता. कुजक्या अंड्यांचा वास दबला होता. त्याच्या ओळखीचा, तीव्र, स्वच्छ वास होता.

बाया कठड्याशी उभी होती, ओचा खोचलेला, कपाळावर घाम. "आलात? काळजी करू नगा. मी केलं समदं. गुठळी राऊ दिली न्हाई. चुना पुरा बसू दिला, मंगच निवळ वतली. चारी अंगाला बादली हलवली. तुमी करता तस्संच."

नवसूने विहिरीत वाकून पाहिलं. खरंच, तिने काहीही चुकवलं नव्हतं. ह्याहून चांगलं त्यालाही जमलं नसतं.

कुणावर ओरडायचं? बायावर? तिने त्याच्यासाठीच केलं होतं, आणि त्याच्याच पद्धतीने. गोरखवर? तो कागदाच्या हुकमाचा ताबेदार. हवालदारावर? काळ्या गुळाची दोन पोती बघून नवसूनेही हेच ओळखलं असतं. शेवटी तो गुळाच्या पोत्यावर बसला आणि पोत्यालाच एक गुद्दा घातला.

"काय झालं? कमी पडली का?" बायाने विचारलं.

"न्हाई गं बाये," तो म्हणाला. "पुरी पडली."

सकाळी पाणी पुन्हा हळदीचं झालं होतं. अमृता आली, पट्टी बुडवली आणि डोकं धरून कठड्यावर बसली.

"पावडरने जिवाणू तर मारलेच," ती म्हणाली, "पण गाळात बसलेला धातूही परत उलटा फिरवला. त्यांनी काही महिन्यांत केलेलं पावडरने एका रात्रीत उसकटलं. मी गोरखभाऊंना तोंडाने सांगितलं होतं हो!"

बाया चार पावलं मागे उभी होती. तिने हे सगळं ऐकलं आणि पदर तोंडाशी धरला.

"समदे मेले का?" नवसूने विचारलं.

"चरातले शाबूत आहेत. विहिरीतही खोल गाळात काही तगले असणार, पावडर तिथवर पोचत नाही. खायला मिळालं तर पुन्हा वाढतील. पण वेळ लागेल. जून संपेपर्यंत होणार नाही."

"आन टँकर?"

अमृता जिवाणूंवर शिकली होती, टँकरवर नाही.

दोन दिवसांनी कार्डवाले आले. एक आरोग्य अधिकारी आणि बरोबर एक मदतनीस. गोरखने नवसूला आधीच बाजूला घेऊन बजावलं होतं, "खालच्या विहिरी दाखव. वाडीचा विषयच काढायचा नाही. बंद विहीर, तिचं काय दाखवायचं?"

खालच्या विहिरी पाहून अधिकारी खूश झाला. कठडे स्वच्छ, पावडरचा साठा कोरडा, नळीत रंग बरोबर. "असा माणूस प्रत्येक पंचायतीला पाहिजे," तो गोरखला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी साहेब नवसूबद्दल त्याच्यासमोर असं बोलत होता. पंचायतीत परतल्यावर गोरखने चहाची ऑर्डर दिली.

"साहेब," नवसू म्हणाला, "अजून एक इहीर ऱ्हायली."

"नवश्या, चहा घे," गोरख म्हणाला.

"वर हाय. माज्याच वाडीची. चढावं लागंल."

अधिकाऱ्याने गोरखकडे पाहिलं, गोरखने छताकडे. मग ते चढले. सगळा चढ गोरख मागून हळू आवाजात नवसूला शिव्या घालत होता आणि धाप लागल्यामुळे एकही शिवी पूर्ण होत नव्हती.

नवसूने पोहरा ओढून पाणी साहेबासमोर धरलं. "हे बगा. लाल रंगानं लिवलंय, तरी टँकर बंद झाला की वाडी हेच पिनार. पोरं, म्हातारी, समदी. कार्डावर ही इहीर घ्या."

"ही घेतली तर कार्ड लाल होईल," अधिकारी म्हणाला. "पूर्ण पंचायतीचं. तुमच्या बाकीच्या विहिरी इतक्या चांगल्या असून."

"व्हय, ठावं हाय मला. लाल कार्डाच्या गावाचा टँकर तोडायला कोन सही करत न्हाई."

"अरे, चंदेरी आलं असतं!" गोरखला राहवेना. "पुण्यात सत्कार झाला असता तुझा, फोटो आला असता!"

"आन फोटो वाडीत लावून लोकांना काय सांगू, भाऊसाहेब? ह्ये पिवळं पानी मीच राखलंय म्हनून?"

"नवश्या म्हातारा झाला, आज पैल्यांदा डोकं चाललं," झुंबरबाई आपल्या दारातून म्हणाली. तिच्याकडून एवढं मिळालं म्हणजे सत्कारच होता.

कार्ड लाल आलं. सरपंचांनी गोरखला झापलं, गोरखने नवसूला झापलं, आणि वरून आलेल्या आदेशाने टँकर पावसाळ्यातही चालू राहिला. टँकर चिखलातून चढताना दोनदा रुतला, आणि ड्रायव्हर रोज वाडीच्या तोंडाशी थांबून नवसूच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला.

विहिरीवर आता बायाचा पहारा असे. पावडरचा डबा तिने स्वतःच घरातून काढून पंचायतीत नेऊन दिला होता. खालच्या गावातून कुणी बादली घेऊन वर येताना दिसलं, मग तो दूधवाला का असेना, तरी ती आधी बादलीत वाकून वास घ्यायची.

"किती दिस चालायचं हे?" गूळ कालवताना तिने विचारलं. कोपरापर्यंतचा हात चिकट झाला होता. "पोरीच्या टायमाला माजं इतकं डोहाळजेवण झालं न्हाई."

"म्याडम म्हनती, पिवळं कमी व्हाया लागलंय."

"तुमाला दिसतंय का?"

नवसूने वाकून पाहिलं. कधी वाटायचं दिसतंय, कधी वाटायचं नाही. त्याने बादलीतलं गूळपाणी चरात सावकाश ओतलं आणि काळ्या, घाण वास मारणाऱ्या त्या चिखलाकडे वैतागून पाहिलं.

"खा," तो म्हणाला. "खा, आन जरा बिगीबिगी हात चालवा. खाली त्यो डायवर लय शिव्या देतोय."